प्रोस्टेट, पौरुष आणि ताट : मराठवाड्यातील पुरुषांनी आहार कसा बदलावा

माझे वडील औसा तालुक्यातील शेतकरी. साठी ओलांडल्यावर त्यांनी पाणी पिणे कमी केले आणि त्याचे कारण घरात कोणालाही सांगितले नाही. लघवीची धार बारीक झाली होती, एकदा जाऊन आल्यावर लगेच पुन्हा जावेसे वाटत होते, आणि एसटीच्या दोन तासांच्या प्रवासात किंवा लग्नाच्या मांडवात आपली पंचाईत होईल या संकोचापोटी सकाळच्या चहानंतर दुपारच्या भाकरीपर्यंत ते घोटभर पाणीसुद्धा घेईनासे झाले. पुढे कोठा जड झाला, लघवीला जळजळ होऊ लागली, घरच्यांनी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धणे-जिऱ्याचे पाणी दिले, आणि मे महिन्यातील एका रात्री, औषधाच्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी घेतल्यानंतर, त्यांची लघवी पूर्ण तुंबली. नळी घालून ती मोकळी करावी लागली. मूत्रमार्गाला वेढून असलेली प्रोस्टेट ही ग्रंथी वाढलेली होतीच. परंतु त्या रात्रीपर्यंत त्यांना नेणाऱ्या बहुतेक गोष्टी टाळता येण्याजोग्या होत्या.

हे मी त्यांच्यासारख्या पुरुषांसाठी आणि त्यांना वाढणाऱ्या माणसांसाठी लिहीत आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी : आहाराने वाढलेली प्रोस्टेट आक्रसत नाही, आणि कोणताही एक पदार्थ खाऊन शिश्नाची गेलेली ताठरता परत येत नाही. आहाराचा परिणाम होतो तो रक्तवाहिन्या, कंबरेचा घेर, रक्तातील साखर, कोठा आणि रात्रीची लघवी यांच्या वाटेने. या वाटेवर महागड्या डब्यांपेक्षा ज्वारी, पालेभाजी, जवस आणि योग्य वेळी प्यायलेले पाणी जास्त उपयोगी पडते.

पहिले तीन दिवस फक्त नोंद ठेवा

ताटात काहीही बदलण्यापूर्वी तीन दिवस एका वहीत लिहून काढा. किती वाजता काय प्यायलो, किती वाजता लघवीला गेलो, रात्री झोपल्यापासून सकाळपर्यंत किती वेळा उठलो, शौच कसे झाले, चहा किती कप झाला आणि त्यात साखर किती, एवढे पुरे आहे. शक्य असल्यास एका जुन्या मापाच्या भांड्यात लघवी मोजावी, कारण दिवसभरातील लघवीचा मोठा भाग रात्रीच होत असेल, तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नसतो. संध्याकाळचे पाणी, मीठ, पायांवरची सूज, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास हीदेखील कारणे असू शकतात. त्याच वहीत बेंबीच्या रेषेत कंबरेचा घेर सेंटिमीटरमध्ये लिहावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. वजन बेताचे आणि हातपाय काटक असूनही पोट सुटलेले असणे आपल्याकडे फार आढळते, म्हणून काट्यापेक्षा टेपवर अधिक विश्वास ठेवावा.

ताठरतेबद्दलही एक ओळ लिहावी. पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का, हा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात. पहाटेची ताठरता टिकून असेल आणि अडचण फक्त संभोगाच्या वेळी येत असेल, तर ताण, भीती किंवा नात्यातील अंतर यांचा विचार आधी करावा लागतो. ती हळूहळू नाहीशी झाली असेल, तर रक्तवाहिन्या, साखर आणि संप्रेरके यांच्याकडे पाहावे लागते.

शरीरात काय घडते

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. वीर्यातील काही द्रव ती तयार करते. वयानुसार पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाखाली ती वाढते. पन्नाशीतील सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत ही वाढ आढळते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. ग्रंथीची सूज किंवा जंतुसंसर्ग हा तिसरा आणि वेगळा आजार असून तो तरुणांनाही होतो.

ताठरता ही मुळात रक्ताची गोष्ट आहे. इच्छा झाल्यावर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, वाहिन्या सैल होतात आणि शिश्नात रक्त भरते. शरीरातील या वायूच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शिश्नाच्या धमनीची रुंदी एक ते दोन मिलिमीटर असते, हृदयाच्या धमनीची तीन ते चार. साखर, तंबाखू, रक्तदाब आणि चरबी यांनी अस्तर खराब होऊ लागले की बारीक नळी आधी अडते. म्हणून ताठरतेची तक्रार पुष्कळदा छातीतल्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसते. चाळिशी-पन्नाशीत हा त्रास सुरू झालेल्या माणसाने लाजेने गप्प बसू नये असे मला मनापासून वाटते. वेळीच दाखवले, तर हृदयाचा धोकाही त्याच तपासणीत लक्षात येतो.

पाणी तोडू नका, पाण्याच्या वेळा बदला

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि शेतात राबणाऱ्याचे पाणी घामावाटे निघून जाते. अशा वेळी पाणी कमी केले, तर लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाच्या अस्तराला चिडवते आणि जावेसे वाटणे उलट वाढते. शिवाय मुतखडा, संसर्ग आणि बद्धकोष्ठ हे तीन पाहुणे सोबत येतात. घरी किंवा सावलीत बसून काम करणाऱ्याने दिवसभरात मिळून सुमारे दोन लिटर पाणी घ्यावे. उन्हात काम करणाऱ्याला याहून बरेच जास्त लागते, आणि त्याचा साधा हिशोब असा की दुपारची लघवी फिकट पिवळी असावी. गडद झाली तर तांब्या जवळ करावा.

खरे कौशल्य वेळेत आहे. दिवसाच्या पाण्याचा मोठा वाटा सकाळी उठल्यापासून दुपारी चारपर्यंत संपवावा, तोही एकदम दोन तांबे न रिचवता दर तासाला पेला-अर्धा पेला असा. संध्याकाळी हात आखडता घ्यावा आणि झोपण्यापूर्वीचे दोन तास गोळीपुरत्या घोटाशिवाय काही पिऊ नये. रात्री दहाला पेलाभर दूध पिण्याची सवय अनेक घरांत आहे. ते दूध सकाळी घेतले तर रात्रीची एक खेप वाचते. प्रवासाला निघण्याच्या तासभर आधी पाणी थांबवावे, निघताना लघवी करून यावे, आणि उतरल्यावर राहिलेले पाणी भरून काढावे. एका प्रवासाची अडचण टाळण्यासाठी अख्खा दिवस कोरडा काढू नये. लघवी करून झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न केल्यास मूत्राशय अधिक रिकामे होते. संध्याकाळी पायांवर सूज येत असेल, तर दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावे. नाहीतर तेच पाणी रात्री आडवे झाल्यावर मूत्रपिंडांकडे येते. अर्थात पायांवरची सूज डॉक्टरांना एकदा दाखवायलाच हवी.

रमजानच्या रोज्यात हा हिशोब उलटा होतो. तेव्हा इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडेथोडे आणि सहेरीला पुरेसे पाणी घ्यावे. रात्री उठणे वाढेल हे त्या महिन्यापुरते धरून चालावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे.

चहा आणि कॉफी यांतील कॅफिन लघवी वाढवते आणि मूत्राशयाला उत्तेजित करते. दुपारी चारनंतरचा चहा सोडून आठ दिवस वहीत फरक पाहावा. ज्यांना ओटीपोटात दुखते किंवा ग्रंथीची सूज आहे, त्यांपैकी काहींना तिखटानेही त्रास वाढतो. सगळ्यांनी ठेचा सोडण्याचे कारण नाही, पण दोन आठवडे ठेचा आणि काळ्या मसाल्याची जाळ आमटी बंद ठेवून पाहिल्यास आपण त्या काहींपैकी आहोत की नाही हे समजते.

मिठाचा आणि रात्रीच्या उठण्याचा संबंध

हा संबंध आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. जास्त मीठ खाल्ले की शरीर दिवसा पाणी धरून ठेवते आणि रात्री सोडते. जपानमधील नागासाकी येथील डॉक्टरांनी २०१७ साली मांडलेल्या निरीक्षणात, ज्या २२३ जणांना रोजचे मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणता आले, त्यांचे रात्रीचे उठणे सरासरी २.३ वेळांवरून १.४ वेळांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मिठाची आहे, आणि त्यात भाजी, भाकरी, लोणचे, पापड सगळे आले.

आपल्या ताटातील मीठ भाजीपेक्षा बाजूला वाढलेल्या पदार्थांत अधिक असते. लोणच्याची फोड, पापड, कुरडई, खारोड्या, ठेचा, खारे शेंगदाणे, फरसाण आणि बेकरीची खारी हे सगळे एकाच दिवशी पानात येऊ देऊ नये. सुरुवात रात्रीच्या जेवणापासून करावी : त्यात लोणचे-पापड नको, मिठाऐवजी लिंबू, चिंच, कोथिंबीर किंवा आंबट चुक्याची भाजी यांनी चव आणावी. लातूरची पटडी चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मीठ कमी करायला याहून चांगली सोबत नाही.

भाकरी आणि कोठा

मलाशय प्रोस्टेटच्या अगदी मागे असते. ते कडक मळाने भरलेले असले की मूत्राशय नीट रिकामे होत नाही आणि कुंथण्याने त्रास आणखी वाढतो. म्हणून लघवीच्या तक्रारीत कोठ्याची चौकशी आधी करावी. कोठा साफ राहायला प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तंतू (फायबर) लागतात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ३. मालदांडी असो की जालन्याची दगडी ज्वारी, पीठ न चाळता केलेल्या दोन मध्यम भाकरी, वाटीभर तुरीचे वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ आणि दोन वेळची भाजी यांत बहुतेक काम होऊन जाते. गेल्या काही वर्षांत घराघरांत ज्वारीची जागा गव्हाच्या पोळीने आणि रेशनच्या तांदळाने घेतली, याचे मला दुःख वाटते. निदान रात्रीच्या जेवणात तरी भाकरी परत यावी. उन्हाळ्यात ज्वारीचे आंबील करावे. आंबवल्यामुळे धान्यातील जस्त शरीराला अधिक मिळते. डाळींना मोड आणल्यानेही तेच होते. जस्त हे खनिज प्रोस्टेटमध्ये मोठ्या प्रमाणात असते आणि त्याच्या कमतरतेने पुरुषी संप्रेरक घटते. शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया, डाळी, अंडी आणि मटण यांतून ते मिळते.

एक सूचना : तंतू वाढवताना दिवसाचे पाणीही वाढवावे, नाहीतर कोठा अधिकच आवळतो. वाढ आठवड्या-आठवड्याने करावी.

साखर, पोट आणि ताठरता

लैंगिक आरोग्यासाठी आहारातील कोणती एक गोष्ट बदलावी असे कोणी विचारले, तर मी पोट आणि साखर हेच उत्तर देईन. मधुमेही पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना ताठरतेची अडचण येते, कारण वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि मज्जातंतू दोन्ही बिघडवते. पोटावरची चरबी पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते, त्यामुळे सुटलेल्या पोटाबरोबर इच्छाही मंदावते. लठ्ठपणा आणि पुढच्या टप्प्यातील प्रोस्टेटचा कर्करोग यांचाही संबंध आढळला आहे. आशा वाटावी अशी गोष्टही आहे. इटलीतील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ताठरतेची तक्रार असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार आणि व्यायाम यांचे नीट मार्गदर्शन मिळाले, आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश पुरुषांची ताठरता गोळीविना पूर्ववत झाली. सगळ्यांची झाली नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता चहाचा हिशोब करू. पानटपरीवर, कचेरीत, पाहुण्याकडे आणि घरी मिळून दिवसाला सहा कप चहा होणे आपल्याकडे काही विशेष नाही. कपाला दोन चमचे साखर धरली, तर ६० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत असावी. चहा दोन कपांवर आणावा आणि साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करावी. तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते. गूळ घातला म्हणून साखर टळत नाही, उसाच्या रसालाही तोच नियम. खव्याचे पेढे, बासुंदी आणि केशर आंब्याचा रस सणावारी, बेताने. आंबा, सीताफळ, मोसंबी ही फळे रस न काढता फोडी करून आणि जेवणानंतर न खाता दोन जेवणांच्या मध्ये खावीत. मधुमेह्याने प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

एकादशीचा साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यावर तेल-तुपाची भर. उपवास मोडू नये, पदार्थ बदलावा : भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, ताक.

ताट वाढताना अर्धे ताट भाजी, पाव ताट डाळ-उसळ आणि पाव ताट भाकरी किंवा भात असे वाढून पाहावे. भाकरी तंतुमय असली तरी चार भाकरी म्हणजे चार भाकरीच. जेवण रात्री आठच्या आत व्हावे आणि त्यानंतर वीस-तीस मिनिटे चालावे. धन्याचे ताट वेगळे आणि घराचे वेगळे असे करू नये; हे ताट घरातल्या बाईलाही तितकेच मानवते आणि एकट्याचा पथ्याचा डबा महिन्याभरात बंद पडतो.

भाजी, तेल, सोयाबीन

पालेभाज्या आणि बीट यांतील नायट्रेटपासून शरीर तोच नायट्रिक ऑक्साइड तयार करते, ज्याचा उल्लेख वर आला. करडई, अंबाडी, तांदुळजा, घोळ, चाकवत, शेपू, माठ या भाज्या आपल्या शिवारात मिळतात, काही तर बांधावर फुकट. उन्हाळ्यात हिरवे काही दिसत नाही तेव्हा मटकी, हुलगे, मूग यांना मोड आणावेत आणि कांदा, टोमॅटो, काकडी जेवणात ठेवावी. टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य थोड्या तेलात शिजवल्यावर शरीर अधिक शोषते, म्हणून महागड्या गोळीऐवजी टोमॅटोची चटणी किंवा सार पुरेसे आहे. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरीनसारखी गोळी चालू असलेल्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे.

तेल सर्व मिळून दिवसाला माणशी २५ ते ३० ग्रॅमपेक्षा अधिक नको. चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटरच्या पुढे डबा जात असेल तर हात सैल आहे असे समजावे. करडई आणि शेंगदाणा ही आपल्या भागाची जुनी तेले चांगली आहेत, मात्र तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. जवसाची चटणी रोज एक-दोन चमचे खावी. जवस भाजून कुटलेलेच हवे. अख्खे दाणे न पचता तसेच बाहेर पडतात. कारळाची आणि तिळाची चटणीही याच पंगतीतली, फक्त तिच्यातले मीठ निम्मे करावे.

सोयाबीनबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. लातूर-धाराशिव-नांदेडच्या शिवारात खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन असते, पण ते तेलाच्या कारखान्यांकडे आणि पेंडीकडे जाते, आणि शेतकरी स्वतः ते खात नाही, कारण ‘सोयाबीनने पुरुषपणा जातो’ असे त्याने ऐकलेले असते. पुरुषांवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर नेहमीच्या प्रमाणातील सोयाबीनमुळे पुरुषी संप्रेरक कमी होत असल्याचे दिसलेले नाही. उलट सोया अधिक खाणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी आढळल्याची निरीक्षणे आहेत. दळणात नऊ भाग गहू किंवा ज्वारी आणि एक भाग भाजलेले सोयाबीन घालावे. कच्चे सोयाबीन पचत नाही, म्हणून भाजणे किंवा भिजवून चांगले शिजवणे आवश्यक आहे.

मांसाहार करणाऱ्यांनी मटण आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेपुरते ठेवावे, करपवू नये, आणि एका वेळी गोदावरीच्या किंवा जायकवाडीच्या माशाला जागा द्यावी. दूध, दही, ताक पेला-दोन पेले पुष्कळ. ‘ताकद यावी’ म्हणून लिटरभर आटीव दूध पिण्याने ताकद येत नाही, पोट येते.

तंबाखू आणि दारू

येथे मधला मार्ग नाही. गुटखा, खर्रा, जर्दा, मशेरी, बिडी यांतील निकोटीन रक्तवाहिन्या आवळते, आणि धूम्रपान अस्तरच जाळते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही तो टपरीवर मिळतो, म्हणून निश्चय स्वतःलाच करावा लागतो. तोंडात पुडी ठेवून पालेभाजी खाण्याचा फार उपयोग नाही. दारूने संध्याकाळी धीर येतो असे वाटते, पण ती ताठरता शिथिल करते, झोप मोडते, लघवी वाढवते, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी एखाद्या रात्री अचानक तुंबवू शकते.

डबे, पुड्या आणि ‘मर्दानी’ चूर्णे

बाजाराच्या दिवशी तंबूत, बसस्थानकाच्या भिंतीवर आणि आता मोबाइलवर जे विकले जाते, त्यावर गरीब माणसाचे फार पैसे जातात. म्हणून काही गोष्टी निश्चित माहीत असाव्यात. प्रोस्टेटचा कर्करोग टळेल या आशेने अमेरिकेत २००१ पासून ३५ हजारांहून अधिक पुरुषांना सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिले. २००८ साली गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि २०११ साली निष्कर्ष आला की केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक होते. सॉ पाल्मेटो या परदेशी वनस्पतीचा अर्क तिप्पट मात्रेपर्यंत देऊनही लघवीच्या तक्रारींवर तो औषध नसलेल्या, केवळ तुलनेसाठी दिलेल्या गोळीहून सरस ठरला नाही. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक पुड्यांत सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठीचे इंग्रजी औषध चोरून मिसळलेले अनेकदा सापडले आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने अशी पुडी घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल स्वतः वाईट औषध नाही. डॉक्टरांनी तपासून दिलेले ते पुष्कळांना उपयोगी पडते.

याच संदर्भात ‘धातू जाणे’ या भीतीविषयी. एक थेंब वीर्य म्हणजे शंभर थेंब रक्त, या समजुतीने कित्येक तरुण वाळत चाललेले मी पाहिले आहेत. वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही, स्वप्नदोषाने अशक्तपणा येत नाही, आणि लघवी कधी पांढुरकी दिसते ती बहुधा त्यातील फॉस्फेट क्षारांमुळे. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली या भीतीला ‘धात सिंड्रोम’ असे नाव देऊन तिच्याकडे मनाच्या त्रासाच्या अंगाने पाहिले. अशा तरुणाला पौष्टिक डब्यापेक्षा ऐकून घेणाऱ्या डॉक्टरची गरज असते. मूल होण्यासाठी आहार सुधारणाऱ्या जोडप्यांनी हे ध्यानात ठेवावे की शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. तीन महिन्यांच्या आत तपासणी करून निराश होऊ नये.

जिथे ताट अपुरे पडते

ज्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला आहे, त्यांनी केवळ आहारावर विसंबू नये. सुरुवातीच्या टप्प्यातील आणि देखरेखीखाली असलेल्या ४७८ पुरुषांपैकी काहींना भरपूर भाज्या खाण्याचे मार्गदर्शन देऊन दोन वर्षे पाहिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार भाज्यांमुळे रोगाची वाटचाल मंदावली नाही. भाज्या हृदयासाठी, साखरेसाठी, कोठ्यासाठी खाव्यात, आणि रोगाचे उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

लघवीत किंवा वीर्यात रक्त, थंडी वाजून ताप आणि जळजळ, हाडांत सतत दुखणे, किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही असेल, तर आहाराचा परिणाम पाहत तीन महिने थांबू नये. लघवी पूर्ण तुंबली आणि ओटीपोट फुगून दुखू लागले, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. सर्दी-खोकल्याची गोळी घेताना आपल्याला लघवीचा त्रास आहे हे दुकानदाराला आणि डॉक्टरला सांगावे, कारण त्यांतील काही औषधे मूत्राशयाचे तोंड आवळतात किंवा मूत्राशयाची ताकद कमी करतात.

तीस वर्षांपुढील माणसाचा रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळते. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास पीएसए ही प्रोस्टेटमधील बिघाडाचा अंदाज देणारी रक्ततपासणी पुढच्या पायरीवर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारावी. पन्नाशीनंतर, आणि वडील किंवा भाऊ यांना प्रोस्टेटचा कर्करोग झालेला असल्यास पंचेचाळिशीपासूनच, पीएसए करावी की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. त्या तपासणीआधी दोन दिवस संभोग टाळावा. नुकताच संसर्ग झाला असेल किंवा नळी घातलेली असेल, तर तसे सांगावे, कारण या सगळ्यांनी आकडा वाढतो. प्रोस्टेट लहान करणारी फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो, तेही सांगावे.

आहार बदलल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा तीन दिवसांची वही लिहावी आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून रात्रीच्या खेपा, चहाचे कप, शौच आणि कंबरेचा घेर ताडून पाहावा. फरक दिसो वा न दिसो, त्या दोन्ही वह्या घेऊनच डॉक्टरांकडे जावे, आणि जमल्यास पत्नीला सोबत न्यावे. माझ्या वडिलांच्या वेळी डॉक्टरांनी जे विचारले, त्यातील निम्म्या प्रश्नांची उत्तरे आईने दिली. रात्री ते किती वेळा उठत होते, हे तिलाच ठाऊक होते.